चव्वेचाळिसातली तीन घरं

१

यादीत स्वतःचं नाव दिसलं आणि शालन बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आंबी गावाच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी त्रिरत्न वस्ती आहे. चव्वेचाळीस घरं. ग्रामपंचायतीच्या फलकावर फायबर जोडणीची कच्ची यादी लागली, तेव्हा वस्तीतली फक्त तीन घरं तीत होती. एक रात्रपाळीच्या वॉचमनचं, म्हणजे हौशीरामचं. दुसरं नुकतीच बाळंत झालेल्या अमृताचं. आणि तिसरं बाईंचं. बाई छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वस्तीच्या विहारात मुलांची अभ्यासिका चालवणाऱ्या. बाकी एकेचाळीस घरं यादीत नव्हतीच.

कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. शेजारीण रोज सकाळी येऊन दोन शब्द बोलून जायची. त्या दिवशी तिनं ताकाचं भांडं उंबऱ्यावरच ठेवलं आणि हाक न मारता निघून गेली. संध्याकाळी अभ्यासिकेत नऊच मुलं आली.

मंगळवारी काठी टेकत बाई लोणावळ्याला गेल्या. बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं चढून गेलं की ‘सह्यजोड नेटवर्क्स’चं ऑफिस लागायचं. कोणत्या गावात तार कुठून न्यायची, जिथून घरोघर तारा फुटतात ती पेटी कुठं बसवायची, कोणत्या घराला जोडणी द्यायची, याचा आराखडा तिथं कॉम्प्युटरवर तयार व्हायचा. तो करणारा सुहास बत्तीस वर्षांचा होता, मूळचा तळेगावचा. त्यानं बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आपण तळेगावचे असल्याचं सांगितलं.

“तक्रार आहे,” बाई म्हणाल्या.

“नाव राहिलंय का यादीत?”

“नाव आलंय. तीच तक्रार आहे.”

सुहासला आधी हसू आलं. बाई हसत नाहीत हे पाहून ते त्यानं गिळलं.

“लोकांना वाटतंय, बाई लोणावळ्याला जाऊन आपलं घर लावून आल्या,” बाई म्हणाल्या. “मी आज पहिल्यांदा तुमचा जिना चढले. एक तर त्यांची घरं घाला, नाहीतर माझं काढा.”

सुहासनं पडद्यावर नकाशा उघडला. प्रत्येक घराचा एक हिरवा ठिपका. टेकडीवरच्या बंगल्यांच्या सोसायटीत अठ्ठावन्न ठिपके दाटीवाटीनं बसले होते. खाली वस्तीच्या जागी तीन. पंचायतीच्या पत्रात मात्र चव्वेचाळीसचा आकडा स्पष्ट होता. घरं कमी भरली म्हणून आराखड्यानं पेटीसुद्धा वस्तीवरून उचलून बंगल्यांच्या फाटकाशी नेली होती.

शुक्रवारी हा आराखडा मंजुरीला जाणार होता. एकदा गेला की पुढची दोन वर्षं त्यात ठिपका घालता येणार नव्हता.

“बाई, तुम्ही जा निर्धास्त,” सुहास म्हणाला. “ही घरं कुणीतरी काढलीत. कुणी काढली ते मी शोधतो.”

२

त्याचा पहिला संशय निलेशवर गेला. बंगल्यांच्या सोसायटीचा हा एजंट महिनाभर ऑफिसात खेटे घालत होता. येताना कधी स्ट्रॉबेरी आणायचा, कधी शेंगदाण्याची चिक्की. खाली चिक्कीचं दुकान असताना वर चिक्की आणणारा माणूस म्हणून ऑफिसात त्याची थट्टा व्हायची.

“पेटी तुमच्या फाटकाशी आली, निलेशभाऊ,” सुहास फोनवर म्हणाला.

“आली ना. मीही चकित झालो, साहेब. मी तर आमच्या लोकांना सांगून बसलो होतो की तुमचं काही होत नाही. बंगल्यांना जोडणी नाही असंच तुमच्या मॅडम म्हणाल्या होत्या मागं. मग आमची अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न कशी आली?”

प्रश्न योग्य होता. पण सुहासला त्या घडीला तो निलेशचा कांगावा वाटला, आणि त्यानं फोन ठेवला.

दुसरा संशय नोंदी सांभाळणाऱ्या अपेक्षावर. नोंदी पुसण्याचा अधिकार ऑफिसात तिच्या एकटीकडे होता.

“मी पुसल्या?” अपेक्षानं कपाळावरचे केस मागे सारले. “सर, मला पुसायचंच असतं तर आधी माझ्या सासूचं घर पुसलं असतं. तिला आत्ताच दिवसभर मोबाइल लागतो.”

“थट्टा नको, अपेक्षा.”

“थट्टा नाही. हे बघा.” तिनं पुसलेल्या नोंदींचं रजिस्टर उघडलं. त्रिरत्न वस्तीची एकही नोंद त्यात नव्हती. मग तिनं मूळ साठ्यातल्या नोंदी मोजून दाखवल्या. वस्तीच्या चव्वेचाळीस, पुऱ्या.

“म्हणजे आहेत?”

“आहेत की. आराखड्यात येत नाहीत, इतकंच. कुठलातरी फिल्टर लागलाय, सर.”

फिल्टर म्हणजे काय, हे ज्यांनी कधी कॉम्प्युटर पाहिला नाही त्यांनाही सांगता येतं. घरात पिठाची चाळणी असते. पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. चाळणी कोंडा खात नाही, नाहीसा करत नाही. तो फक्त भाकरीत येत नाही. नोंदींच्या चाळणीला मात्र भोकं नसतात, एक प्रश्न असतो. प्रत्येक नोंदीला ती तोच एक प्रश्न विचारते, आणि उत्तर जुळलं नाही की तिला वर अडवून धरते. खाली भाकरी थापणाऱ्याला कळतही नाही की वर काय राहिलं.

सुहासनं फिल्टरांची यादी उघडली. चालू फिल्टर एकच होता. नाव: ‘बंद घर वगळा’. करणारा: सुहास.

त्याला हायसं वाटलं. हा फिल्टर त्याच्या अभिमानाचा होता. आदल्या वर्षी कंपनीनं लोणावळ्यातल्या सुट्टीच्या बंगल्यांना तारा नेल्या, आणि बाराही महिने कुलूप असलेल्या त्या बंगल्यांतल्या कुणी जोडणी घेतली नाही. यावर उपाय काढ, असं वरिष्ठ राजेश्वरी मॅडमनी सांगितलं, आणि सुहासनं तो नाताळाच्या दिवशी काढला. ऑफिसला सुट्टी होती, घाट गाड्यांनी तुंबला होता, लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रिकाम्या ऑफिसात तो एकटा बसला होता. आईचे दोन फोन येऊन गेले, त्यानं उचलले नाहीत. सर्व्हेमध्ये जे घर बंद आढळेल ते आराखड्यातून आपोआप बाजूला पडेल, असा साधा नियम त्यानं लिहिला. मॅडमनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली होती.

म्हणजे चाळणी बरोबर होती. दोष धान्यात होता. राहती, नांदती एकेचाळीस घरं कुणीतरी ‘बंद’ म्हणून लिहिली होती.

सुहासनं सर्व्हे करणाऱ्याचं नाव पाहिलं. चव्वेचाळिसांसमोर एकच नाव होतं: गोरख.

३

गोरख परंदवडीचा. शेतकऱ्याचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. दीड वर्ष कंत्राटावर घरोघर फिरून टॅबमध्ये माहिती भरायचा. पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचं ठरलं होतं. त्याच्या वडिलांनी, कोंडाजी आबांनी, गावात ते सांगूनही टाकलं होतं.

सुहासनं त्याला बोलावण्याआधी मॅडमना मेल लिहिला. एका घराला गोरखला साधारण पंधरा मिनिटं लागतात. ही एकेचाळीस घरं त्यानं दोन तासांच्या आत उरकली आहेत. झाडाखाली बसून खोटी माहिती भरल्याशिवाय हे शक्य नाही. मेल पाठवला, आणि मग गोरखला आत घेतलं.

“वस्तीवर गेला होतास?”

“गेलतो, सर.”

“घरं बंद होती?”

“व्हय. बंद व्हती म्हून बंद लिवली.”

“एकेचाळीस घरं? एकदम? गाव काय उठून गेलं होतं?”

“व्हय सर, तसंच व्हतं. मी शेऱ्यात...”

“शेरे नंतर बघू. मला घड्याळ सांग. दोन तासांत एकेचाळीस घरं कशी झाली? झाडाखाली बसून भरलीस?”

“बंद घराला किती येळ लागतो? कडी बघायची, फुडं जायचं.” गोरख टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिला. “सर, मी तुमाला आजवर एक तरी खोटी नोंद दिलीया का?”

“तेच आता सगळं तपासावं लागेल.”

राजेश्वरी मॅडम दारात उभ्या होत्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी हळूच म्हटलं, “गोरख, टॅब ठेवून जा. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस.”

गोरखनं टॅब ठेवला. त्याचं कव्हर काढून घेतलं, ते त्याच्या स्वतःच्या पैशांचं होतं. मग ते खिशात बसेना, म्हणून हातात धरून जिना उतरला. खाली चिक्कीच्या दुकानात परंदवडीचाच एक पोरगा कामाला होता. त्यानं विचारलं, आणि गोरखला खोटं बोलता येत नव्हतं.

मॅडम सुहासला म्हणाल्या, “लेखी पुरावा हवा. वस्तीवर जा, लोकांकडून लिहून आण की हा तिथे आलाच नव्हता.”

सुहास बुधवारी सकाळी निघाला. पुरावा म्हणजे आता फक्त सही घेणं, असं त्याला वाटत होतं.

४

हौशीराम नुकताच नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आला होता. दात घासत घासतच तो म्हणाला, “न्हाई कसा? आलता की. मी दिसा झोपतो, साहेब. त्यानं कडी वाजवून उठीवलं. मी वैतागलो. मग त्यालाच पाणी पाजलं. लय दमला व्हता, सगळी वस्ती पालथी घातलेली त्यानं.”

“हाच का?” सुहासनं मोबाइलमधला फोटो दाखवला.

“ह्योच. हितं दगडावर बसला व्हता.”

सुहासनं ‘आलाच नव्हता’ असं लिहिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

अमृताच्या मांडीवर दीड महिन्याचं बाळ होतं. तीही म्हणाली, गोरख आला होता. “माझं नाव विचारलं, घरात माणसं किती विचारलं. मी म्हटलं, कालपर्यंत तीन होतो, आज चार. तर तो म्हणाला, ताई, चौथ्याला मोबाइल लागायला वेळ आहे, पण लिहितो.”

सुहास तिच्या ओट्यावर बसला. गोरख आला होता. घरोघरी गेला होता. मग एकेचाळीस घरं त्यानं बंद का लिहिली, आणि ही तीनच उघडी का?

त्यानं वहीत तीन घरांची नावं लिहिली आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधू लागला. तिघांची आडनावं वेगळी. हौशीरामच्या घराला पत्रे, बाईंच्या घराला स्लॅब, अमृताच्या घराला कौलं. एक रस्त्याकडेला, एक विहिरीजवळ, एक पार टेकडीला टेकलेलं. निवडणुकीत कोण कुणाकडे होतं तेही त्यानं विचारलं. त्यातही मेळ नव्हता. निलेशला तिघांपैकी कुणी ओळखतही नव्हतं.

तो शालन बाईंकडे गेला. बाई कांदेपोहे करत होत्या. त्यांनी एक बशी त्याच्यापुढे सरकवली.

“सापडला का चोर?”

“बाई, तो पोरगा तुमच्याकडेही आला होता?”

“आला होता की. माझा पाय तेव्हा प्लॅस्टरमध्ये. मी खाटेवरून ओरडले, दार उघडंच आहे, आत ये. तिसरीतल्या पोरासारखा दारात चपला जुळवून ठेवून आत आला.” बाईंनी गॅस बारीक केला. “का? त्यानं काय केलं?”

सुहासनं तेव्हा पहिल्यांदा बाईंना फिल्टरबद्दल सांगितलं. बंद घर वगळायचा नियम. गोरखनं लिहिलेली एकेचाळीस बंद घरं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्गात फळ्यावरचं गणित चुकलं की मुलाला ‘चूक’ म्हणायचं नाही, त्यालाच पुन्हा पहिल्या पायरीपासून मोठ्यानं वाचायला लावायचं, ही त्यांची जुनी पद्धत होती.

“तुमची चाळणी प्रत्येक घराला काय विचारते?”

“तू बंद आहेस का?”

“कधी?”

“कधी म्हणजे?”

“घर काही कायमचं बंद नसतं आणि कायमचं उघडंही नसतं. आत्ता या घटकेला माझ्या वर्गातली बारा पोरं गैरहजर असतील, म्हणून ती शाळा सोडून गेली असं मी लिहीत नाही. तुमची चाळणी कुठल्या दिवशीचं विचारते?”

“सर्व्हेच्या दिवशीचं.”

“मग सांगा. कुठल्या दिवशी माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता, अमृता ओली बाळंतीण होती आणि हौशीराम रात्रपाळीचा झोपलेला होता? आम्ही तिघं घरी का होतो, ते कळलं की बाकीचे घरी का नव्हते ते कळेल.”

त्या तिघांत सारखं होतं ते हेच. तिघांनाही त्या दिवशी घराबाहेर पडता येत नव्हतं. म्हणजे ज्यांना पडता येत होतं ते सगळे, एकूण एक, कुठंतरी गेले होते.

सुहासनं मोबाइलवर नोंदीची तारीख उघडली. आजवर त्यानं फक्त वेळ पाहिली होती, तारीख नव्हे.

पंचवीस डिसेंबर.

त्याच्या हातातली बशी तशीच राहिली. बाई त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांना तारीख दाखवावी लागली नाही.

“दोन टेम्पो केले होते वस्तीनं,” त्या म्हणाल्या. “आदल्या रात्रीपासून पोळ्या लाटत होत्या बायका. मी दारातल्या खाटेवर पडून सगळ्यांना हात केला.” मग थांबून विचारलं, “तुम्ही तळेगावचे म्हणालात. आडनाव काय?”

“ओव्हाळ.”

“रतनचा मुलगा? महिला मंडळातल्या रतनताईंचा?”

सुहासनं मान हलवली. ती मान त्याला पुन्हा वर करता येईना.

देहूरोडच्या ज्या विहारात बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्ती बसवली, तिथं दर पंचवीस डिसेंबरला मावळातल्या वस्त्या लोटतात. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तो जायचा. पांढऱ्या सदऱ्यात, एका हातात निळा झेंडा, दुसऱ्या हातात आईनं दिलेली चपाती-भाजीची सुरळी. त्या दिवशी त्यांच्या आळीतल्या घरांनाही कुलपं लागायची. आई या डिसेंबरातही त्याला दोनदा फोन करत होती तो “येतोस का रे” हे विचारायला. ऑफिसात मॅडमनी विचारलं होतं, पंचवीसला तुला काही आहे का. तो म्हणाला होता, मला कसलं काय असणार. ऑफिसात कुणाला त्याचं आडनाव फारसं माहीत नव्हतं, आणि ते तसंच राहावं असं त्याला वाटायचं. त्या रिकाम्या दिवशी बसून त्यानं चाळणी विणली, आणि त्याच तासांत दहा कोसांवर गोरख एकामागून एक कुलपं पाहत चालला होता.

“पोहे गार होतायत,” बाई म्हणाल्या.

५

ऑफिसात येऊन त्यानं फिल्टर काढला आणि वस्तीच्या नोंदी अख्ख्या उघडल्या. आराखड्याच्या तक्त्यात जागा कमी पडते म्हणून शेऱ्यांचा रकाना त्यानंच पूर्वी लपवून ठेवला होता. तो त्यानं उघडला.

एकेचाळीस नोंदींपुढे गोरखनं एकच वाक्य एकेचाळीस वेळा लिहिलं होतं, कंटाळा न करता:

‘घर राहते आहे. माणसे देहूरोडला कार्यक्रमास गेली आहेत. पुन्हा भेट द्यावी.’

आणि पहिल्या नोंदीपुढे एक ओळ जास्त होती: ‘कारखान्यास सुट्टी म्हणून आज आलो, माणसे घरी सापडतील वाटले.’

पुन्हा भेट द्यायच्या घरांची यादी आराखड्यातून निघायची. आराखड्यात ही घरं आलीच नव्हती, म्हणून ती यादी कोरी निघाली, आणि गोरखला कुणी परत पाठवलं नाही. त्याच आठवड्यात टेकडीवरचे अठ्ठावन्न बंगले नाताळच्या सुट्टीला आलेल्या मुंबईकरांनी भरले होते, म्हणून ते सगळे ‘उघडे’. वर्षभर कुलपात असणारी घरं चाळणीतून सुखरूप खाली आली होती. वर्षभर चूल पेटणारी वर अडकली होती. निलेशचा प्रश्न खरा होता. अपेक्षा खरी होती. गोरख तर अक्षर न् अक्षर खरा होता. संशयितांच्या यादीत एकच नाव उरलं होतं, आणि ते सुहासनं लिहिलंच नव्हतं.

तो पडद्याकडे पाहत बसला. नकाशावर चव्वेचाळीस ठिपके आता परत आले होते, पेटी वस्तीच्या वळणावर येऊन बसली होती. एक खूण काढली, की सगळं जागच्या जागी. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

मॅडमना त्यानं सगळं सांगितलं. तारखेपासून आडनावापर्यंत.

राजेश्वरी मॅडमनी पेन खाली ठेवलं. “आराखडा तर नीट झाला ना? मग ‘तांत्रिक त्रुटी’ लिहू. वस्तीची घरं आली, विषय संपला.”

“गोरख?”

“त्याला बोलावू पुढच्या महिन्यात. कायम करणं जरा पुढे ढकलू, हेड ऑफिसला मी तुझा मेल पुढे पाठवलाय ना. त्यांना आता उलटं सांगायचं म्हणजे तुझंच प्रमोशन अडकेल, सुहास.”

“मॅडम, मेलमध्ये मी लिहिलं होतं की तो झाडाखाली बसून खोटं भरतो. तो दारोदार गेला होता. मी त्याचा शेरा वाचला नाही, आणि तो सांगत होता तेव्हा मी त्याचं बोलणं तोडलं. तांत्रिक काहीच नव्हतं.”

मॅडम म्हणाल्या, “बस, लिही.”

त्यानं लिहिलं. स्वतःचं पूर्ण नाव घातलं. गोरखच्या शेऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. मॅडमनी वाचून एक शब्दही न बदलता खाली सही केली आणि गोरखचा टॅब कपाटातून काढून त्याच्यापुढे ठेवला.

“हा तू नेऊन दे,” त्या म्हणाल्या. “मला त्याच्याकडे बघवणार नाही.”

६

गुरुवारी गोरख घरी नव्हता. परंदवडीच्या अलीकडे गुलाबाचं एक पॉलीहाऊस होतं, तिथं तो कालपासून रोजंदारीवर लागला होता. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, गुलाब परदेशी जायची घाई. पत्र्याच्या शेडमध्ये वीस-वीस फुलांच्या जुड्या बांधणं चाललं होतं. गोरखच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

सुहासनं टॅब पुढे केला. पत्राची प्रत दिली. गोरखनं हात पुसले, पत्र उभ्या उभ्या वाचलं, दोनदा वाचलं.

“शेरा वाचला म्हणायचा,” तो म्हणाला.

“वाचला. चूक माझी होती, गोरख. सगळी माझी. उद्यापासून ये. कायम करायचं पत्र सोमवारी निघेल, तसं मॅडमनी लिहून दिलंय.”

गोरखनं एक जुडी उचलली, देठं सारखी केली. “सर, मला काय सांगताय? मी काय केलं ते मला म्हाईत हाय. आमच्या आबांना सांगा. परवापास्नं ते पारावर गेले न्हाईत. पोरगं झाडाखाली बसून सरकारी माहिती भरतंय, आसं गावात झालंय.”

“तू सोबत चल.”

“न्हाई. मी उभा राहिलो तर आबा मलाच गप बस म्हणतील. तुमी जावा.”

कोंडाजी आबा अंगणात बाजेवर बसले होते. सत्तरीचे, डोक्याला मुंडासं. सुहासनं चपला काढल्या, हात जोडले आणि सांगितलं. पुरं सांगितलं. चाळणी कुणी केली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि लक्षात यायला हवं होतं ते का.

आबांनी त्याला बस म्हटलं नाही.

“तुमी त्यांच्यातलेच,” ते म्हणाले. “मग देहूरोडचा दिस तुमाला ठावा नव्हता?”

“ठावा होता, आबा.”

“माज्या पोराला ठावा नव्हता, तरी त्यानं लिवलं. तुमाला ठावा आसून तुमी पुसलं.” आवाज चढला नव्हता. “आनि चोर म्हून नाव कुनाचं, तर त्याचं.”

उन्हं कलत होती, गल्लीतून गुरं परत येत होती.

“मोठ्यानं सांगा,” आबा म्हणाले. “नंदाला, त्याच्या आईला, कमी आयकू येतं. ती आत हाय.”

सुहास दाराकडे वळला. “मावशी, गोरखनं खोटं लिहिलं नव्हतं. चूक माझी होती.”

“कोन हाय?” आतून आवाज आला.

“आनखी मोठ्यानं,” आबा म्हणाले.

तो आणखी मोठ्यानं बोलला. गुरांमागून चाललेला एक माणूस थांबला. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या दोघींचे हात थांबले. सुहास थांबला नाही. आपलं नाव, आडनाव, कुठला, काय केलं, सगळं त्या अंगणात उभं राहून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

नंदाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. दाराआडून त्यांनी त्याच्या ओठांकडे लक्ष देऊन पाहिलं होतं.

“म्हंजी माजा गोरख गेलता?”

“गेला होता, मावशी. एक घर सोडलं नाही त्यानं.”

त्यांनी हात पदराला पुसले. त्याला पाणी विचारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. अंगण ओलांडून त्या गल्लीत उतरल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “चला माज्यासंगं. मी सांगितलं तर लोक म्हणतील, आई हाय म्हून सांगती. तुमी सांगा. आसंच, मोठ्यानं.”

गल्ली वर देवळापर्यंत जात होती. दोन्ही अंगांना घरं होती, आणि बहुतेक दारांत माणसं येऊन उभी राहिली होती. सुहासनं चपला पायांत चढवल्या आणि नंदाबाईंच्या मागून पहिल्या दाराकडे निघाला.